पाच जणांचे अडीच लाख आणि भाऊजींचा एक फोन

दारूच्या थेंबाला कधी शिवले नाही मी, पण डिसेंबर २०२४ मध्ये पहाटे पावणेतीन वाजता मुंबई एअरपोर्टवर सासूबाईंच्या देखत माझ्या नावावर व्हिस्कीचं बिल झालं आणि ते मीच हट्टाने करून घेतलं. का, ते कळायला आधी फोनचं सगळं रामायण सांगावं लागेल.

नणंद दुबईला असते, करामा नावाच्या भागात. बारा वर्षं झाली, दर वर्षी या या म्हणते, शेवटी गेलो. मी, नवरा, सासूबाई, मोठी (वय १३) आणि धाकटा (वय ८). नाशिकहून गाडीने मुंबई, तिथून विमान, आठ दिवसांचा कार्यक्रम. तिकिटं बुक झाल्याचं घरच्या ग्रुपवर टाकलं आणि दहाव्या मिनिटाला धाकट्या दिरांचा फोन. "वहिनी, एक बारीकसं काम होतं."

बारीकसं काम म्हणजे आयफोन १६ प्रो. इथे १,१९,९०० रुपये, तिथे ४,२९९ दिरहम. दिरहम तेव्हा तेवीस रुपयांच्या जरा वर चालला होता म्हणजे तिथे तो लाखाच्या आत बसत होता. "वीस हजार वाचतायत वहिनी, येता येता घेऊन या." येता येता! जसं काही मी कॉलेज रोडवरून कोथिंबीर आणणार होते.

नवरा शेजारीच बसला होता, त्याने मला न विचारता "आणतो रे" म्हणून सांगून टाकलं.

आता मी नोकरी करते पतसंस्थेत. वीस वर्षं लोकांचे कर्जाचे कागद तपासून मला एक खोड लागलीय, कुठलाही नियम असेल तर तो मूळ कागदात बघायचा, अमक्याने सांगितलं तमका म्हणाला यावर विश्वास ठेवायचा नाही. त्या रात्री जेवणं आटोपल्यावर बॅगेज रूल्स २०१६, म्हणजे परदेशाहून आणलेल्या सामानावरच्या कस्टम ड्युटीचे नियम, काढून वाचत बसले. नियम तसे छोटे आहेत, अर्ध्या तासात होतात. (मी लिहितेय ते सगळं आम्ही गेलो तेव्हाचं. हे आकडे मधूनमधून बदलतात, २०१४ च्या बजेटआधी ड्युटी न भरता आणायच्या सामानाची मर्यादा ३५ हजार होती मग ४५ झाली, एप्रिल २०१६ पासून २०२६ च्या सुरुवातीपर्यंत ५०. त्यामुळे जायच्या आधी आपापलं बघून घ्या.)

तर आपल्यासारखा माणूस दुबईहून विमानाने आला तर वापरातले कपडेलत्ते सोडून ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान ड्युटी न भरता आणता यायचं. नेपाळ, भूतान, म्यानमारहून आलात तर १५,००० च. पोरांनाही पूर्ण ५०,००० मिळायचे, फक्त दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर त्याला त्याच्या वापरातल्या वस्तूंपुरतीच सूट. त्याच्या वरच्या रकमेवर ३५ टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर १० टक्के सरचार्ज, म्हणजे मिळून ३८.५ टक्के. अठरा वर्षांवरच्या माणसाला एक लॉपटॉप यातून वेगळा माफ. हे वाचून दाखवल्यावर नवरा म्हणाला मग फोनऐवजी लॉपटॉपच सांगू का त्याला. सांग म्हटलं.

पण त्याचा खरा आनंद पुढे होता. त्याने बोटांवर हिशोब केला, पाच पासपोर्ट, पाच गुणिले पन्नास, अडीच लाख! आपलं सगळं सामान दोन लाखाच्या वर जाणारच नाही, मग फोन काय आणि काय, सगळं माफ.

इथेच गंमत आहे आणि इथेच बहुतेक लोक फसतात. नियमात स्वच्छ लिहिलंय, एकाची सूट दुसऱ्याच्या सुटीत मिळवता येणार नाही. रेशनकार्डावर कसं घरातली सगळी माणसं मोजून एकदम धान्य देतात, तसं इथे नाही. इथे प्रत्येकाची पिशवी वेगळी. वीस वस्तू असतील तर त्या पाच जणांत वाटून घ्या, कोणी काही म्हणत नाही, पण लाखाचा एक फोन अर्धा माझा आणि अर्धा सासूबाईंचा असं करता येत नाही. फोन कोणाच्या तरी एकाच्याच नावावर धरणार, त्याचे पन्नास हजार वजा होणार आणि उरलेल्यावर ३८.५ टक्के. पासपोर्ट पाच असोत की पंचवीस.

कागदावर मांडून बघितलं. फोन लाखाचा धरला तर ५० हजारावर ड्युटी, १९,२५०. म्हणजे भाऊजींचे वीस हजार वाचणार होते त्यातले सव्वाएकोणीस सरकारजमा! मला तर वाटतं ती मर्यादा ठरवताना कोणीतरी समोर आयफोन ठेवूनच ठरवली असावी.

मी भाऊजींना हिशोबाच्या कागदाचा फोटो पाठवला. त्यावर पाच मिनिटांत फोन. "वहिनी, कोण विचारतंय? सरळ ग्रीनमधून चालत यायचं. माझा मित्र दर वेळी दोन-दोन आणतो." (ग्रीन म्हणजे ज्यांना काही जाहीर करायचं नाही त्यांची बाहेर पडायची वाट, रेड म्हणजे जाहीर करणाऱ्यांची.) हा मित्र प्रत्येकाच्या दिराला असतो. मग नणंदेचा सल्ला आला, खोका फेकून द्या, सिम घाला, दोन दिवस वापरा, मग तो वापरातला फोन. त्यावर भाऊजीच ओरडले, "नाही नाही, सील फोडायचं नाही! अनबॉक्सिंग मला करायचंय."

म्हणजे सीलबंद खोका पाहिजे आणि कोणाला दिसायलाही नको.

मी काही फार तत्त्वाची बाई आहे असं नाही, एसटीत धाकट्याचं वय मीही वर्षभर कमी सांगितलंय. पण मला खोटं बोलता येत नाही हो, चेहरा लगेच पडतो, हाताला घाम येतो. त्यात ग्रीनमधून जाऊन सापडलो तर नुसती ड्युटी भरून सुटका नाही, कस्टम्स ॲक्टखाली माल जप्त होऊ शकतो, सोडवायला दंड, वर पेनल्टी, आणि हे सगळं पोरांसमोर. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, फोन आणते, रेड चॅनलमधून आणणार, ड्युटी जी लागेल ती तुमची. भाऊजींनी अंगठा पाठवला. एवढा एक अंगठा. पतसंस्थेत आम्ही अंगठा घेतला की शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घेतो, ते त्या वेळी सुचलं नाही.

जायच्या दिवशीचं एक सांगायचं राहिलंच. सासूबाईंच्या हातात चार पाटल्या असतात. कायम. लॉकरमध्ये ठेवून जाऊ म्हटलं तर, "उघड्या हाताने परदेशात जाऊ?" बरं. आता येताना कस्टमवाल्याने विचारलं या पाटल्या तिथे घेतल्या का, तर काय सांगणार? त्यावर उपाय आहे, जातानाच कस्टमच्या काउंटरवर दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यायचं की हा दागिना इथूनच चाललाय. दागिने, महागाचा कॅमेरा, असं काहीही. मी आधी आमच्या सराफाकडून वजन आणि वर्णनाचं पत्र लेटरहेडवर आणलं होतं, जुनी पावती होती ती पण घेतली. एअरपोर्टला तासभर जास्तीचा ठेवून गेलो, चेक-इनच्या आधी ते काम केलं. अर्धा-पाऊण तास गेला. नवरा सारखं घड्याळ बघत होता. सासूबाई मात्र खूश, कारण ऑफिसरने पाटल्या निरखून "जुनं काम दिसतंय" म्हटलं. ते वाक्य त्यांनी दुबईत प्रत्येकाला सांगितलं.

दुबईबद्दल फार लिहीत नाही, बुर्ज खलिफा वगैरे सगळ्यांनी बघितलंय. देरा भागातल्या गोल्ड सूकला, म्हणजे सोन्याच्या बाजारात गेलो, तिथे ती चौसष्ट किलोची अंगठी काचेत ठेवलीय, धाकट्याने विचारलं ही कोणाच्या बोटाची. सासूबाईंचा जीव एका बांगडीच्या जोडावर गेला होता आणि नणंद म्हणत होती घे गं आई, हातात घालून जा. मी आडवी आले. वाईट वाटलं, पण आले. दागिन्यांची जी वेगळी सवलत आहे ती वर्षापेक्षा जास्त बाहेर राहून आलेल्यांसाठी, आठ दिवसांच्या पाहुण्याला नाही. आणि ती सवलत तरी तेव्हा केवढी, बाईला ४० ग्रॅम पण किंमत १ लाखाच्या आत, पुरुषाला २० ग्रॅम पण ५० हजाराच्या आत. त्या वेळच्या भावात लाख रुपये तेरा-चौदा ग्रॅममध्येच संपत होते. चाळीस ग्रॅम नुसते कागदावर. शिवाय जुलै २०२४ च्या बजेटमध्ये आपल्याकडे सोन्यावरची ड्युटी १५ वरून ६ टक्क्यांवर आली, तेव्हापासून दुबईच्या आणि इथल्या भावात पूर्वीसारखं अंतर राहिलं नाही. हे मी भर बाजारात सासूबाईंना समजावत उभी होते आणि दुकानदार, तो केरळचा होता, हिंदीत म्हणाला, मॅडम आप बैंक में हैं क्या.

फोन घेतला. दुकानात पासपोर्ट दाखवून टॅक्स फ्री करून घेतला कारण तिथे २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे आणि पर्यटकाला २५० दिरहमच्या वरच्या बिलावर तो बराचसा परत मिळतो. पूर्ण नाही, ८५ टक्के, आणि त्यातून प्रत्येक बिलामागे ४.८० दिरहम कापतात. ४,२९९ मध्ये व्हॅट बसतो २०४ च्या आसपास, त्यातले आम्हाला १६९ मिळाले, म्हणजे जवळपास ३,९०० रुपये. एक लक्षात ठेवा, हे काम दुबई एअरपोर्टवर सामान चेक-इन करायच्या आधी करायचं, फोन दाखवायला सांगू शकतात, बॅगेत घालून बॅग दिली की संपलं. आणि अजून एक, बिलावर नवऱ्याचं नाव आणि पासपोर्ट नंबर आला. म्हणजे त्या क्षणापासून तो फोन कागदोपत्री त्याचाच, मग आईंचा आहे हो, मुलीचा आहे हो, काही चालणार नाही.

शेवटच्या रात्री नणंदेच्या हॉलमध्ये मी सगळं सामान जमिनीवर मांडलं. पाच ढीग. वहीच्या पाठच्या पानावर पाच रकाने, प्रत्येकाच्या नावाखाली वस्तू आणि किंमत, बिलं त्या त्या ढिगाची रबरबँड लावून. नवऱ्याच्या ढिगात फक्त फोन. त्याने स्वतःसाठी घेतलेले बूट आणि परफ्युम उचलून मी माझ्या ढिगात टाकले, बूट दहा नंबरचे, तर धाकट्याने विचारलं आई तुझे पाय केवढे. मोठीच्या नावावर तिचा टॅब्लेट, धाकट्याच्या नावावर खेळणी, सासूबाईंच्या नावावर केशर, पिस्ते, अक्रोड आणि ते जाडजूड ब्लँकेट, जे दुबईहून आणलंच पाहिजे असा काय नियम आहे मला माहीत नाही, थंडी नाशिकला पडते आणि ब्लँकेट वाळवंटातून येतं. फोन सोडून सगळं मिळून पंच्याहत्तर-ऐंशी हजार झालं. कोणाचाच ढीग पस्तीस हजाराच्या वर नव्हता. एकूण पावणेदोन लाख, सूट अडीच लाखाची, तरी ड्युटी भरायची. नवरा त्या रकान्यांकडे बघून म्हणाला, "हे बरोबर वाटत नाही गं." मलाही वाटत नव्हतं, पण नियम माझ्या वाटण्यावर चालत नाही.

इतक्यात नणंदेच्या शेजारीण आल्या, गोड बाई, हातात खाकी टेप लावलेलं पुडकं. "डोंबिवलीला माझ्या बहिणीकडे, काही नाही हो, औषधं आणि चॉकलेट, उघडू नका परत बांधता येत नाही." नाही म्हटलं. नणंद माझ्यावर दोन तास रुसली होती. पण आपल्या बॅगेत निघालेलं प्रत्येक पुडकं आपलंच धरतात, तिथे डोंबिवलीच्या ताईंना कोणी फोन लावत बसत नाही.

विमान उतरलं दोनच्या सुमाराला. इमिग्रेशन झालं, पुढे आलो की सामानाच्या पट्ट्यांच्या आधी ते ड्युटी फ्रीचं चकाचक दुकान, आणि नवऱ्याचे पाय आपोआप तिकडे. एक लिटरची व्हिस्कीची बाटली, साडेचार हजाराची. दोन लिटरपर्यंत चालते, हे त्याला पाठ होतं, बॅगेज रूल्समधलं त्याने स्वतःहून वाचलेलं तेवढंच. तो काउंटरला पासपोर्ट आणि बोर्डिंग पास काढणार तोच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन लिटर चालतात हे खरं, पण त्याची किंमत त्या पन्नास हजारातच धरतात आणि याचे पन्नास हजार तर फोनने आधीच खाल्ले! याच्या नावावर घेतली तर बाटलीवरही ३८.५ टक्के, म्हणजे सतराशे रुपये वर. ड्युटी फ्री दुकानातून घेऊन ड्युटी भरणारा हा पहिलाच.

"थांब. माझ्या नावावर घे."

तो बघतच राहिला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला मॅडम पासपोर्ट. मी दिला. मागे सासूबाई ट्रॉलीचा दांडा धरून उभ्या. त्यांनी एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "माझ्या नावावर केली असती तरी चाललं असतं की, माझ्यात जागा होती." पंधरा हजाराची जागा खरंच होती.

पट्ट्यावर बॅगा यायला लागल्या. चार आल्या, पाचवी आली तिच्यावर खडूने भली मोठी फुली. निळी बॅग, पांढरा खडू, मधोमध, शाळेत गणित चुकल्यावर मारायचे तशी. पोटात गोळा आला. आतून स्कॅन होताना काही संशयास्पद दिसलं की अशी खूण करतात हे ऐकून होते, पण फोन तर माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये होता, मग या बॅगेत काय? नवरा रुमालाने फुली पुसायला निघाला. मी हातावर चापटी मारली. खरंच मारली, मोठी साक्षीदार आहे.

बाहेर पडताना दोन वाटा. हिरव्या बोर्डाखाली ही गर्दी, लाल बोर्डाखाली फक्त आम्ही आणि आमच्या पुढे एक माणूस, टीव्हीचा खोका घेऊन. त्या बिचाऱ्याला कोणीतरी सांगितलं होतं की ५० हजाराच्या आतला टीव्ही चालतो. नाही चालत, फ्लॅट टीव्हीला ऑगस्ट २०१३ पासून कसलीच सूट नाही, पहिल्या रुपयापासून ड्युटी. तो मान हलवत खिशातून कार्ड काढत होता.

आमची पाळी. टेबलामागे एक बाई ऑफिसर, पन्नाशीच्या, समोर अर्धा प्यालेला चहा. मी म्हटलं, "मॅडम, डिक्लेअर करायचंय." त्यांनी वर बघितलं. "काय आहे?" फोन काढून टेबलावर ठेवला, बिल ठेवलं, शेजारी वहीचं पान ठेवलं. पान त्यांनी उचललं आणि पाच रकाने वरपासून खालपर्यंत वाचले, बोट फिरवत. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "शिक्षिका आहात?"

"पतसंस्थेत."

"तरीच."

फॉर्म भरायला दिला. अतिथी नावाचं ॲप आहे, २०१९ पासून, त्यावर आधीच भरून ठेवता येतं पण आम्ही कागदावरच भरला. नाव, पासपोर्ट, फ्लाइट नंबर, नग किती, गेल्या सहा दिवसांत कुठल्या देशात होतात, आणलेल्या मालाची किंमत. खाली हो किंवा नाहीचे प्रश्न, सोनं आहे का, बी-बियाणं, रोपं आहेत का, सॅटेलाइट फोन आहे का, पाच हजार डॉलरच्या वर परकीय नोटा आहेत का, भारतीय चलन २५ हजाराच्या वर आहे का, मांस, मासे, दुधाचे पदार्थ आहेत का. दुधाच्या पदार्थांशी नवऱ्याचं पेन थांबलं. कारण नणंदेने भाचरांसाठी निडोचा एक डबा दिला होता. "लिहू का?" लिही म्हटलं. मॅडमनी वाचलं, "दूध पावडर? एकच डबा?" एकच. त्यांनी पुढे सरकवलं.

मग पाटल्या. त्यांची नजर सासूबाईंच्या हातावर गेलीच, आणि मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी स्वतःच्या पर्समधून सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवलं. प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न घालता. वर सांगितलं, "जुनं काम आहे." मॅडम हसल्या.

खडूची फुलीवाली बॅग पुन्हा मशिनमधून काढली. स्क्रीनवर आयताकृती काळपट ठोकळे, एकावर एक सहा. "हे काय आहे?" मला खरंच माहीत नव्हतं! बॅग उघडली. खजुराचे डबे. नणंदेने रात्री मी झोपल्यावर आणखी सहा डबे कोंबले होते आणि मुंग्या लागू नयेत म्हणून एकेका डब्याला ॲल्युमिनियम फॉइलचे तीन-तीन वेढे दिले होते. ऑफिसरच्या मदतनिसाने एकाची फॉइल सोलली, झाकण उघडलं, खजूर. दुसरा, खजूर. तिसरा सोलायला घेतला तेव्हा मॅडमच म्हणाल्या राहू दे रे.

हिशोब पाच मिनिटांत झाला. दिरहमचा त्यांचा सरकारी दर असतो, बाजारातला नाही, जाहीर केलेला, तो थोडा जास्त होता. त्या दराने फोन बसला १,००,४०० ला. वजा ५०,०००. उरले ५०,४००, त्यावर ३८.५ टक्के, १९,४०४ रुपये. मी मनात केलेला आकडा आणि त्यांनी कॅल्क्युलेटरवर केलेला आकडा तंतोतंत जुळला आणि खरं सांगते, पैसे जातायत याचं दुःख व्हायच्या आधी मला बरंच वाटलं. कार्ड चालतं का विचारलं, चालतं म्हणाल्या. पावती मिळाली, नवऱ्याचं नाव, पासपोर्ट नंबर, फोनचं वर्णन, भरलेली ड्युटी. ती जपून ठेवा, उद्या हाच फोन घेऊन परत बाहेर गेलात आणि आलात तर दाखवायला होते. सगळं मिळून पस्तीस मिनिटं, त्यातली दहा खजुराची.

बाहेर येताना नवऱ्याने हळूच विचारलं, ग्रीनमधून गेलो असतो तर? त्या फुलीमुळे अडवलं असतंच, म्हटलं. खजुरासाठी अडवून पर्स तपासली असती आणि फोन निघाला असता. तो नाशिकपर्यंत काही बोलला नाही, कसाऱ्याला चहा प्यायलो तेवढंच.

आता फायद्याचं बोलू. फॉरेक्स कार्डावर फोन पडला ९९,७०० ला, व्हॅट परत आला ३,९०० च्या आसपास, ड्युटी १९,४०४. म्हणजे १,१५,२००. इथल्या किमतीपेक्षा चार हजार सातशे कमी. त्याच महिन्यात इथे दुकानांत बँकेच्या कार्डावर पाच हजाराची सूट चालू होती, ईएमआय वेगळा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी आले. अनबॉक्सिंग झालं, मोठीने व्हिडिओ काढला, सीलची ती बारीक पट्टी ओढताना त्यांनी डोळे मिटले होते. मग मोबाइल काढून नवऱ्याला ९९,७०० पाठवले. मी पावती खोक्याशेजारी ठेवली. त्यांनी वाचली. "एकोणीस हजार? वहिनी, एवढी?" कागदाचा फोटो पाठवला होता, ग्रुपवर लिहिलं होतं, तुम्ही अंगठा दिला होता. "तो अंगठा म्हणजे... ठीक आहे, बघू, असा होता." नवरा खिडकीबाहेर बघत होता. भाऊजी म्हणाले, "अर्धी अर्धी करू या का? म्हणजे तुम्हीही जरा हळूच आला असतात तर..." आणि बोलता बोलता त्यांची नजर शोकेसमध्ये ठेवलेल्या बाटलीवर गेली. "दादा, ही पण आणलीस? काढ की मग."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती दादाची नाही. ती हिच्या नावावर आहे. बिल आहे." मग एक गवार मोडली. "आधी फोनचे दे, मग तिला विचार."

भाऊजींनी सासूबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नवा फोन बाजूला ठेवून जुना हातात घेतला. माझा मोबाइल किचनच्या ओट्यावर वाजला. १९,४०४. वरचे चार रुपयेसुद्धा.

मी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि बर्फ आहे का बघायला फ्रीज उघडला, तर वरच्या कप्प्यात सहाच्या सहा खजुराचे डबे, फॉइलसकट.